पेटंटची मुदत

औषधाच्या दुकानात मी रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला उभी होते. शेजारच्या माणसाने इंजेक्शनचा खोका बर्फाच्या पिशवीत ठेवून घेतला आणि ती पिशवी छातीशी धरली. खोक्यावरचं नाव मी लगेच ओळखलं. माझी धाकटी बहीण शैला याच औषधावाचून गेली.

तेव्हा ते फक्त परदेशातून यायचं आणि आमच्या आवाक्याबाहेर होतं. "हे जिवंत पेशींपासून बनतं," डॉक्टर म्हणाले होते. "इथल्या कंपन्यांनाही बनवता येईल. पण त्यावर पेटंट आहे, आणि जागतिक व्यापाराचे नियम आपल्यालाही पाळावे लागतात. मुदत संपेपर्यंत थांबायला हवं."

"तोवर माझी संपेल हो," शैला हसून म्हणाली.

ज्यांनी ते शोधलं त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनीही वर्षानुवर्षं खपूनच ते घडवलं असणार. पण शैलाच्या अंगातल्या कॅन्सरच्या पेशी कुणाला विचारून वाढत नव्हत्या. थांबायचं होतं ते फक्त औषधाने. रोगाला कुठलाच करार लागू नव्हता.

आता ते इथेच बनतं आणि पुष्कळांना परवडतं.

"बायकोसाठी नेतोय," तो माणूस आपणहून म्हणाला. "गुण येतोय म्हणतात डॉक्टर. तुमच्याकडे कोण आजारी आहे?"

"आता कुणी नाही."

"बरं झालं," तो अगदी मनापासून म्हणाला आणि घाईघाईने रिक्षाकडे वळला.