केसरबाईसाठी राखलेला भाग

सौंसरच्या तहसील कार्यालयातून शिपाई म्हणून निवृत्त झालेल्या कमल गजभिये यांच्यावर वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी खोटेपणाचा आरोप आला, आणि तो त्यांच्या चाळीस वर्षांपासूनच्या मैत्रिणीने केला. आरोप निराधार होता. ज्या कारणाने तो उद्भवला ते कारण मात्र इतके क्षुल्लक मानले जाते, की त्याबद्दल कुणाला जाब विचारावा असे कुणाच्या मनातही येत नाही.

कमलताई सातवीपर्यंत शिकल्या, त्या काळच्या मराठी शाळेत. वस्तीतल्या विहारात वर्षावासाचे तीन महिने ग्रंथवाचन चालते, आणि गेली एकोणीस वर्षे ते त्याच करतात. कठीण शब्द आला की थांबायचे, तो आपल्या बोलीत सांगायचा, समोरच्या बाईने मान हलवल्यावरच पुढच्या ओळीकडे जायचे, ही त्यांची रीत. दुसरी रीत अधिक कडक होती. समाप्तीचे प्रकरण सगळ्या नेहमीच्या श्रोत्या हजर असल्याशिवाय उघडायचे नाही. एका वर्षी एक बाई नागपूरच्या दवाखान्यात होती म्हणून समाप्ती सतरा दिवस लांबली. कुणी कुरकुर केली नाही. ग्रंथ कपाटात होता. तो कुठे जाणार होता?

मुलगा अमोल बोरगावच्या कारखान्यात आहे. त्याने मोठा टीव्ही घेतला आणि मालिकांच्या एका अ‍ॅपचे वर्षभराचे पैसे भरले. सून दीपालीने त्यात दहा भागांची एक मालिका शोधून दिली. ती दक्षिणेकडच्या एका काजू कारखान्याची होती. भट्टीत एक मुलगी भाजते, आणि तिच्या शेजारी काम करणाऱ्या लीला नावाच्या मजूर बाईला मालकाविरुद्ध कोर्टात साक्ष द्यायची असते. बोलणे तिकडच्या भाषेत, खाली अक्षरे हिंदीत. मराठीचा पर्याय नव्हता. मध्य प्रदेशात राहणाऱ्या सौंसरच्या मराठी माणसाला याचे आश्चर्य वाटत नाही, ही गोष्टही खरे तर आश्चर्याचीच आहे.

रविवारी दुपारी सात बाया जमू लागल्या. त्यांतल्या पाच जणींना अक्षरे वाचता येत नव्हती. कमलताई रिमोट हातात धरून प्रत्येक संवादाला चित्र थांबवत, हिंदी ओळ वाचत आणि आपल्या बोलीत सांगत. चाळीस मिनिटांच्या भागाला दोन तास लागत. इतका वेळ एका जागी थांबलेला प्रेक्षक यंत्राला समजत नसे. पडद्यावर प्रश्न येई, तुम्ही अजूनही पाहत आहात का?

"पाहून राहिलो ना बाप्पा," कमलताईंच्या जुन्या मैत्रीण केसरबाई त्याला उत्तर देत. "तुले कुठची बस पकडाची आहे?"

पैसे भरूनही मध्येच जाहिरात येई. लीला साक्षीच्या पिंजऱ्याकडे निघाली, की दागिन्यांनी मढलेली नवरी हसत पडद्यावर उभी राही. "पैसे आपले, अन् दुकान त्यायचंच," केसरबाई म्हणत, आणि बाया हसत. हसल्यामुळे अपमान कमी होतो, असे गरिबांना फार लवकर शिकवले जाते.

केसरबाई हंगामात संत्री निवडतात. लीलावर त्यांचा जीव सर्वांहून अधिक जडला होता, आणि त्याचे कारण फक्त कमलताईंना ठाऊक होते. वीस वर्षांपूर्वी भरलेल्या गाडीवरून पडून एक मजूर बाई कायमची अधू झाली. तेव्हा ठेकेदाराच्या धाकाने केसरबाई पंचांपुढे गप्प राहिल्या होत्या. लीला बोलते की नाही, हे त्यांना केवळ करमणूक म्हणून जाणून घ्यायचे नव्हते.

नवव्या भागाच्या शेवटी लीला पिंजऱ्यात उभी राहिली. त्याच आठवड्यात केसरबाईंची लेक करुणा रामाकोन्याला सासरी बाळंत झाली. तिला सासू नव्हती. केसरबाईंना सव्वा महिना तिकडेच राहणे भाग होते.

"मी येईन तवरीक पाहू नका वो," त्या निघताना म्हणाल्या.

"तुह्याबिगर समाप्ती होते काय? दहावा भाग राहीन तिथंच," कमलताई म्हणाल्या.

ग्रंथाबद्दल त्यांनी हे वचन दिले असते तर त्या चुकल्या नसत्या. सहा जणी पाच रविवार थांबल्या. सव्वा महिन्याने केसरबाई परतल्या, घरी पिशवी ठेवून तशाच आल्या आणि सर्वांत पुढे बसल्या. कमलताईंनी बटण दाबले. पडद्यावर ओळ आली: हा कार्यक्रम सध्या उपलब्ध नाही.

अमोलने फोनवर शोधले. कंपनीचा करार संपला होता. मालिका बारा दिवसांपूर्वीच दुसऱ्या अ‍ॅपवर गेली होती. तिथे वेगळे पैसे, आणि खालची अक्षरे फक्त इंग्रजीत.

"गेली म्हणजे कुठी गेली?" केसरबाईंनी विचारले. "वर्षाचे पैसे भरले ना तुवं?"

"भरले ना मावशी. पण ते त्यायच्या मर्जीवर असते."

"म्हणजे म्या गहू घेतले, डब्यात भरले, अन् दुकानदार येऊन घेऊन गेला? अन् तुमी पाहत राहिले?" त्या उठल्या. "कमल, पाहून घेतलं असन तं तसं सांग. मी काही रडली नसती. खोटं कायले बोलतं?"

"केसर, विहाराची आन घेऊ काय?"

"आन राहू दे. दाखव."

आणि दाखवायला काहीच नव्हते. नऊ भाग पाहिले, दहावा राहिला, ही खूण ज्या यादीत होती तिच्यातून मालिकेचे नावसुद्धा पुसले गेले होते. कमलताईंच्या खरेपणाचा एकमेव पुरावा कंपनीच्या ताब्यात होता, आणि कंपनीने तो मालाबरोबर उचलून नेला होता.

केसरबाईंचा तर्क अडाणी होता असे म्हणणे सोपे आहे. मला तो या सर्व व्यवहारातला एकमेव शहाणा तर्क वाटतो. विकलेली वस्तू घेणाऱ्याला न विचारता परत नेता येत नाही, हे त्यांना बाजारात बसूनच कळले होते. ज्यांनी करारातल्या बारीक अक्षरांत याच्या उलट लिहून ठेवले, त्यांना लबाडी हा शब्द लागू करायला आपण कचरतो. मैत्रिणीला मात्र तो लगेच लागू झाला, कारण ती समोर होती. कंपनीला तोंड नाही. म्हणून ज्याला तोंड आहे त्याने ऐकून घ्यायचे.

कमलताईंनी कंपनीकडे मागितले ते फार थोडे होते. मालिका अमुक तारखेला काढली, एवढी एक ओळ लेखी हवी होती. "आमच्या तहसीलात कागद या टेबलावरून त्या टेबलावर गेला तरी जावकात तारीख पडते," त्या अमोलला म्हणाल्या. अमोलने तीनदा तक्रार लिहिली. तिन्ही वेळा यंत्राने खेद व्यक्त केला आणि दुसऱ्या सहा मालिका सुचवल्या.

"आई, शेवट फोनवर लिहून असते. वाचून दाखवू काय?" दीपालीने विचारले.

"नको. माह्या तोंडून तिनं ऐकलं, तं मंग मी पाहिलंच होतं असं होईन."

पुढचे तीन रविवार खोली रिकामी राहिली. विहारात केसरबाई दूर बसू लागल्या. जयभीम घेत, पण थांबत नसत. चौथ्या आठवड्यात एका सकाळी त्या अचानक दारात आल्या. कमलताई सुपात तांदूळ पाखडत होत्या.

"आता लपवाचं काही राहिलं नाही," केसरबाई उंबऱ्यावर बसत म्हणाल्या. "रामाकोन्याच्या जावयानं फोनवर दाखवलं मले. लीलानं साक्ष फिरवली. मालकाच्या पायावर डोकं ठेवलं."

"थांब! सांगू नको म्हणते ना!" कमलताईंनी दोन्ही हात कानांवर नेले आणि सूप मांडीवरून घसरले. मग हात हळूहळू खाली आले. "फिरवली? लीलानं? नाही वो केसर. त्या पोरीच्या मायले तिनं शब्द देला होता. असं कसं करन ते?" त्या केसरबाईंकडे सरकल्या. "तिचं लेकरू पकडलं असन त्यायनं. नाही तं ते नसती फिरली. नसती फिरली ते."

केसरबाई त्यांचे तोंड निरखत होत्या.

"तुले खरंच नाही माहीत," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मलेही नाही माहीत. मनानंच जोडलं म्या. तुहं तोंड पाहाचं होतं."

"माही परीक्षा घेऊन राहिली तू? या वयात?"

"घेतली. पास झाली. आता ते तांदूळ उचल, कोंबड्या आल्या."

कमलताई हसल्या नाहीत. त्यांनी तांदूळ उचलले, चहा ठेवला, आणि पाठमोऱ्या उभ्या राहून म्हणाल्या, "महिनाभर तुवं मले चोर समजलं." केसरबाई उठल्या आणि कप विसळू लागल्या.

मैत्री वाचली, तेव्हा झाले ते झाले, असा निष्कर्ष कुणी काढू नये. ती दोन बायांनी आपल्या बळावर वाचवली. लीला बोलली की नाही, हे केसरबाईंना आजही कळलेले नाही.

त्या संध्याकाळी कमलताईंनी अमोलला ते अ‍ॅप बंद करायला सांगितले. सुरू करताना एक बटण पुरले होते. बंद करताना चार पडदे आले आणि प्रत्येकाने विचारले, खरोखर जाताय? शेवटी कारणांची यादी आली. कमलताईंचे कारण तिच्यात नव्हते. अमोलने 'इतर' निवडले. खाली एक छोटी चौकट उघडली.

"लिही," कमलताई म्हणाल्या. "आमी नऊ भाग पाहिले. दहावा केसरबाईसाठी ठेवला होता. तुमी न सांगता नेला. तिनं मले खोटारडी म्हटलं. तुमचं कोणी तिच्या घरी येऊन सांगन काय, का कमल खोटी नाही?"

"आई, अक्षरं संपली. एवढं बसत नाही यात. केसरमावशीचं नाव काढू काय?"

कमलताई पडद्याजवळ गेल्या आणि बोट ठेवून पहिल्यापासून वाचू लागल्या.

"तिचं नाव राहू दे," त्या म्हणाल्या. "हे सुरुवातीले 'कृपया' तुवं टाकलं ना? ते काढ."