घोडेबाबाच्या मिशांखाली

आमच्या आत्याचा अपमान झाला तो या दसऱ्याला, दिवस मावळायच्या जरा आधी, हसनाबादेजवळच्या आमच्या गावच्या शिवेवर, सगळ्या गावादेखत. घोडेबाबाच्या दगडाला आपट्याची पानं वाहायला ती पुढं झाली आणि पोलीस पाटलानं दंड धरून तिला मागं ओढलं. "बाईमाणसानं दहा पावलं लांब," म्हणाला.

घोडेबाबा म्हणजे गुरं पळवणाऱ्यांशी लढताना पडलेला वीर, असं गाव सांगतं. दसऱ्याला पुरुष त्याच्यापुढं हत्यारं टेकवतात, अमावस्येला तेल-शेंदूर चढवतात. वर चांदीच्या मिशा चिकटवलेल्या. लहानपणी मी त्या मिशांना लांबूनच घाबरायची. पुढं जालन्यात, मस्तगडला मामाकडे राहून शिकले, पत्रकं लिहायला लागले. निजामाच्या जुलमावर पानंच्या पानं लिहिली; या दहा पावलांवर एक ओळ लिहिली नाही. शरमेची गोष्ट आहे, म्हणून आधीच सांगून टाकते.

तोल जाताना आत्यानं दगडालाच धरलं. शेंदराची चार बोटं जाड खपली मिशांसकट तिच्या हातात आली.

मी घुसले पुढं. आत काळा दगड. खाली गुरं, वर घोडा, आणि घोड्यावर बाई! अंबाडा, कासोटा, उगारलेल्या हातात तलवार आणि त्याच मनगटात बांगड्या.

पाटील सावरला. "सतीचा दगड असंल मंग."

"सतीच्या दगडावर नुसता हात असतोय, दादा," आत्या म्हणाली. "तलवार घेऊन, घोड्यावर बसून कोण सती गेल्तं?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"मंग पाथरवटाची चूक."

कबरींचे दगड घडवणारे चाचा तिथंच उभे होते. ते वाकले, मनगटावरून बोट फिरवलं. "पाटील, दगडात एक बांगडी काढायला हात भरून येतो. चुकून आठ कोण काढंल? बराबर बघून काढलंय हे."

ती बाई कुठल्या काळातली, मला ठाऊक नाही. दगडावर अक्षर नाही. पण गुरं, घोडा, तलवार, गाव बाबाच्या नावानं जे जे सांगतं ते सगळं तिथं कोरलेलं आहे. खोट्या होत्या त्या मिशा. देवीच्या अठरा हातांतली हत्यारं आपण पुजतो. दोन हातांच्या बाईच्या हातात तलवार दिसली, की तिला पुरुष करून टाकतो. ती कुणाची तरी लेक होती. तिला लढताना कुणीतरी पाहिलं होतं, म्हणून तर दगड घडवला.

पाटलानं निकाल दिलाय: दिवाळीच्या अमावस्येला नवा शेंदूर, वर पुन्हा मिशा. तेव्हापासून आत्या रोज सकाळी तिथं जाऊन बसते. "समद्यांनी डोळ्यांनी बघितलं," ती म्हणते, "आन् तरी झाकून राह्यले. मला हिचं तोंड उघडं पाहिजे. दुसरं काही नको."

एकट्या बाईला हटवायला दोन माणसं पुरतात. म्हणून हे पत्रक वाचणाऱ्या बायांनो, तुम्ही या. भोकरदनकडून या, आष्टीकडून या, नवरा नको म्हणाला तर त्यालाही घेऊन या. अमावस्येला सकाळीच या, दगडाला पाठ लावून आत्याशेजारी उभ्या राहा, आणि शेंदराची वाटी माघारी जाईपर्यंत हलू नका.