होडीचं गाऱ्हाणं

मी निघाले त्या सकाळी कोकणातल्या मांडवीच्या आमच्या अंगणात निम्मी आळी जमली होती. साल त्र्याऐंशी. मासळी टिकवण्याचं शास्त्र शिकायला मी दोन वर्षांच्या शिष्यवृत्तीवर स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनला चालले होते. आमच्याकडचे पुरुष बोटीवर नोकरीला जगभर जात, पण मुलगी एवढ्या लांब कुणी धाडली नव्हती. मुंबईची एसटी सुटायला तासभर होता आणि आई डब्यातले तेच लाडू तिसऱ्यांदा रचत होती. बाबांनी तुळशीपुढे नारळ ठेवला, टोपी सारखी केली आणि गाऱ्हाणं घातलं. बाबा तांडेल, होडीवरचे म्होरके. वाऱ्यात बोलायची सवय असल्यामुळे ते देवाशीही ओरडूनच बोलत.

"बा देवा म्हाराजा, माजी लेक साता समुद्रापल्याड चाललीय. तिला सांभाळून ने. आनि दोन वर्सांनी, जशी धाडतोय तशीच मला परत आनून दे."

"व्हय म्हाराजा," जमलेले सगळे म्हणाले.

मला त्यात काही खटकलं नाही. हे गाऱ्हाणं मी लहानपणापासून ऐकत आले होते. नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात लोटताना बाबा दरवर्षी हेच मागत. होडीसाठी ते बरोबरच आहे. जशी गेली तशी परत आली, यापेक्षा होडीकडून माणसाला आणखी काय हवं असतं? बाबांना हे एकच गाऱ्हाणं येत होतं, म्हणून त्यांनी मलाही तेच घातलं.

ॲबरडीनला पोचल्यावर पहिल्या हिवाळ्यातच मी वेणी कापली. हौस म्हणून नव्हे, ओले केस दुपारपर्यंत वाळत नसत म्हणून. मग पँट आली, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आले. पहाटे बंदरावरच्या लिलावात हॅडक माशांच्या पेट्यांमधून फिरताना मी नमुना हवा म्हणून पुरुषांना सरळ अडवू लागले. आवाज बाबांसारखा झाला. उकडलेल्या बटाट्याला नावं ठेवता ठेवता एक दिवस तो आवडायलाही लागला, हे मात्र मी बरेच दिवस कुणाला कळू दिलं नाही. बाबांनी पत्रातून फोटो मागितला तेव्हा निघण्यापूर्वी मुंबईत काढलेला वेणीवाला फोटो पाठवून दिला. जशी गेली तशीच आहे, असं त्यांना वाटू दे म्हटलं. लबाडीच ती, पण त्या वेळी मला ती माया वाटत होती.

घर सोडणं हा कोकणातल्या माणसांच्याच कपाळी लिहिलेला प्रकार आहे, अशी माझी पक्की समजूत होती. गोरी माणसं जन्मतात तिथेच मजेत राहत असणार. ती समजूत मोरीनने मोडली. मोरीन आमच्या हॉस्टेलात माझ्या शेजारच्या खोलीत राहणारी नर्स, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका खेड्यातली. तिच्या गावची निम्मी पोरं लंडनला नाहीतर अमेरिकेला. चुलत्यांच्या घराला कुलूप. तिच्या आईने निघताना तिच्या अंगावर चर्चमधलं मंतरलेलं पाणी शिंपडलं होतं आणि वर एक बाटली बॅगेत कोंबली होती. ती हे सांगत होती तेव्हा मला आईचे लाडू आठवले आणि मी उगाचच केटल भरायला उठले. किचनमधल्या टेबलाभोवती बसणाऱ्यांत तिच्यासारखे आणखी तिघे होते. कुणी ग्रीसहून शिकायला आलेला, कुणी मोरीनच्याच देशातला, कुणी ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाची वाट बघणारा स्कॉटिश मुलगा. टपाल आलं की सगळ्यांच्या माना एकदमच वर व्हायच्या.

दुसरं वर्ष संपत आलं तेव्हा माझ्या प्रोफेसरांनी प्रयोगशाळेत कायमची नोकरी देऊ केली. मला ती हवी होती. अगदी मनापासून हवी होती. पण बाबांनी सगळ्या आळीसमोर देवाकडे दोन वर्षांची मुदत घातली होती. मी परतले नाही तर माझं काही बिघडणार नव्हतं. मान खाली जाणार होती ती बाबांची, ज्यांच्या शब्दावर माणसं होडीत पाय टाकत. तीन आठवडे मी प्रोफेसरांना उत्तर दिलं नाही आणि घरीही लिहिलं नाही.

त्याच दिवसांत मोरीन कॅनडाला निघाली. तिथे पगार बरा होता आणि तिला सुईणीचं पुढचं शिक्षण घ्यायचं होतं. जायच्या दिवशी ती किचनमध्ये बॅगेवर बसून राहिली, उठेचना. मी म्हटलं, थांब, तुला आमच्या पद्धतीने धाडते. नारळ कुठला मिळायला? सलगमाचा मोठा गड्डा टेबलावर ठेवला. देव समजून घेईल म्हटलं. बायका गाऱ्हाणं घालत नाहीत हेही मला ठाऊक होतं, पण बाबा तिथे नव्हते. माझ्या प्रत्येक वाक्यानंतर काय म्हणायचं ते बाकीच्यांना शिकवलं आणि बाबांच्या आवाजात सुरुवात केली.

तिला सांभाळून ने, इथपर्यंत नीट झालं. पुढचं वाक्य तोंडातून निघेना. जशी जातेय तशीच परत आण? मोरीनला जशीच्या तशी परत यायचंच नव्हतं. नाहीतर ती जात कशाला होती? तिथे मराठी कुणालाच कळत नव्हतं, मी काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मला कळत होतं. शेवटी म्हटलं, "हिला काय व्हायचंय ते हिला ठाऊक. ते हिला होऊ दे." ग्रीक, स्कॉटिश, आयरिश सगळे एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणाले आणि मोरीन हसत हसत उठली.

दुसऱ्या दिवशी मी बाबांना सगळं लिहिलं. नोकरीचं, कापलेल्या वेणीचं, जुन्या फोटोच्या लबाडीचं आणि सलगमापुढे घातलेल्या गाऱ्हाण्याचं. सोबत नवा फोटो ठेवला. प्रोफेसरांकडे थोडी मुदत मागून घेतली आणि वाट बघत बसले. महिना गेला, दोन गेले. बाबा रागावले असणार असं धरून मी परतीच्या तिकिटाची चौकशीही करून ठेवली.

मग पत्र आलं. बाबा चौथी शिकलेले, अक्षर दोरखंडाला मारलेल्या गाठींसारखं.

"बाय, मला होडीचं येवढं येकच गाऱ्हानं येतं. तेच तुला घातलं. तू होडी न्हायस, हे तुजं पत्र वाचून ध्यानात आलं. शिमग्याला पालखी दारात येईल. तवा देवाकडं तुज्यासाठी काय मागू, ते तूच लिवून धाड."

जा असं त्यांनी लिहिलं नव्हतं, राहा असंही नाही. इतकी वर्षं माझ्यासाठी काय मागायचं हे त्यांनीच ठरवलं होतं, आणि आता ते मला विचारत होते. मला उत्तर लिहायला आठ दिवस लागले. कितीतरी कागद फाडले. शेवटी एकच ओळ लिहिली: लेकीची येण्याजाण्याची वाट उघडी ठेव, एवढंच देवाकडे मागा. तिकडे पत्र टाकलं आणि इकडे प्रोफेसरांना होकार कळवला.

शिमगा झाल्यावर आईचं पत्र आलं, शेजारच्या काकूंनी लिहून दिलेलं. पालखी अंगणात टेकली, सगळी आळी जमली, आणि तुझ्या बाबांनी तू लिहिलंस तेच शब्दाला शब्द मागितलं, असं तिने कळवलं होतं. सगळ्यांनी रुकार दिला. भोई पालखी उचलायला वाकले, तर बाबांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि आपल्या मनचं आणखी एक मागितलं.

"आनि देवा, ती येईल तवा कशी का असंना, तिला वळकायची नजर मला दे."

हे पत्र मी प्रयोगशाळेत उभ्याउभ्या वाचलं आणि हॅडकच्या ट्रेसमोर ढसाढसा रडले. त्याला आता तीन वर्षं होतील. राहतेस कुठे असं कुणी विचारलं तर मी ॲबरडीन सांगते, आणि घर कुठे म्हटलं की मांडवी. हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी जे मागे राहिलेत त्यांना हे सांगायचं होतं, की निघालेलं माणूस बदलणारच. आणि जे माझ्यासारखे निघालेत त्यांना एवढंच, की घरी नवा फोटो पाठवा.