नेतृत्वगुणांची बदली

"धर वं माही पर्स," म्हणत तिने शेजारणीच्या हातात पर्स कोंबली, की आम्ही ओळखायचो, आता कोणाची तरी खैर नाही.

धानोऱ्याच्या दवाखान्यात आम्हा नर्सबायांवर देखरेख करणारी ती बाई. आवाज असा, की सलाईनवरचा पेशंट उठून बसावा. तुम्हीही अशी एखादी पाहिली असेल. समोर असेपर्यंत तिचा वैतागच येतो.

चंद्रपूरला आमचं नेतृत्वाचं प्रशिक्षण झालं. मंचावर सगळे पुरुष, आम्ही बायका खाली सतरंजीवर. निर्णय घ्यायला शिका, असं एक साहेब आठवडाभर सांगत होते. समारोपाला त्यांनी आम्हाला पाहुण्यांसाठी पोहे करायला सांगितले. बाई उठली.

"साहेब, आमी निर्णय घेतला. पोहे होनार नाई."

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. याला म्हणतात नेतृत्व, असं कौतुक केलं आणि विचारलं, बरं, पोहे कोण करतंय? पाहुणे स्त्रीशक्तीवर उपाशीपोटीच बोलले.

परतल्यावर मात्र तिने आम्हालाच छळलं. रोज एकीला भाषणाला उभं करायची आणि दुसऱ्या वाक्याला स्वतःच बोलू लागायची.

त्याच उन्हाळ्यात जंगलातल्या उपकेंद्रावर एकट्या राहणाऱ्या एका तरुण नर्सच्या दारावर तेंदूपत्ता ठेकेदाराचा मुनीम संध्याकाळी थापा मारू लागला. ती रडत आली, तर आमच्या डॉक्टरांनी तिला लग्न करून टाकायचा सल्ला दिला. बाईने तिला आणि आम्हाला एसटीत घातलं, थेट गडचिरोलीला, जिल्ह्याच्या आरोग्य खात्याच्या मोठ्या साहेबांपुढे. अर्ज ठेवून जा, साहेब म्हणाले.

"अर्ज नाई, पोरगीच ठेवून जातो," बाई म्हणाली. "तुमच्या घरी राहीन थे. तिथं कोनी थापा नाई मारनार."

साहेबांचा चहा गार झाला. संध्याकाळपर्यंत हुकूम निघाला. पोरीला जोडीला दुसरी नर्स मिळाली, मुनीमाला पोलिसांनी ठाण्यात बसवलं.

पावसाळ्याआधी आणखी एक हुकूम आला. बाईची बदली, सिरोंच्याला, पार तेलुगू मुलखाच्या सीमेवर. तिच्या नेतृत्वगुणांची तिकडे फार गरज होती म्हणे.

"मले तेलुगू येत नाई," ती ट्रंक बांधताना म्हणाली, "पन त्यायले समजन." आणि गेली.

पुढच्या मासिक बैठकीत डॉक्टर खुशीत होते. कोणाचं काही आहे का, असं सवयीने विचारून ते उठलेच. आम्हीही आपापली पर्स उचलली.

मागून बारीक आवाज आला, "माहं हाय, सर."

उपकेंद्रावरची ती पोरगी उभी होती. पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं.

डॉक्टर परत खाली बसले.