ओढ्याच्या पलीकडची ओळ

शॅरनबाई शिरसाठांमुळं आम्ही पंधरा वर्षं चुकीच्या मतदारसंघात मतदान केलं, आणि हे आम्हाला बाईंनीच सांगितलं. त्यांनी सांगितलं नसतं तर ते तसंच चालू राहिलं असतं.

आमचा लिंबोणीमळा नगर शहराच्या अगदी कडेला. एक रस्ता, दोन्ही बाजूंना घरं. पश्चिमेची ओळ जुनी, पूर्वेची आमची नंतर झालेली. आमच्या ओळीत एमआयडीसीत जाणारे कामगार, ऊसतोडीसाठी पाथर्डीकडून बाहेर पडून इथंच राहिलेली काही घरं आणि दोन ख्रिस्ती घरं. त्यातलं एक बाईंचं. बाई महापालिकेच्या शाळेत शिकवत. शाळा दोनशे पावलांवर आणि मतदान केंद्रही तिथंच.

पूर्वी सगळा मळा नगर उत्तरमध्ये होता. मग मतदारसंघांची पुनर्रचना झाली. शहराचा वेगळा मतदारसंघ झाला आणि नगर तालुक्यातली गावं शेजारच्या मतदारसंघांत वाटली गेली. आमच्या बाजूची शेंडेवाडी राहुरीला जोडली. शहर आणि शेंडेवाडी यांच्यामधली शीव म्हणजे एक ओढा. ओढ्याच्या अलीकडं शहर, पलीकडं राहुरी. मतदारयादीचं काम बाईंकडं नुकतंच आलं होतं. घरोघरी जाऊन नावं लिहायची, कोण वारलं, कोण नांदायला आलं ते बघायचं आणि केंद्राच्या हद्दीचा नजरी, म्हणजे न मोजता बघून काढलेला, नकाशा काढायचा. बाईंनी नकाशा काढला. प्लॉट पडले तेव्हा ओढा पाइपात घालून बुजवला होता, हे त्यांना माहीत नव्हतं. आमच्या घरांमागून एक गटार वाहतं, त्यालाच त्यांनी ओढा धरलं. त्यामुळं आमची अख्खी ओळ शहरात आली.

घरपट्टी आम्ही शेंडेवाडीच्या ग्रामपंचायतीत भरत होतो आणि मत शहरात देत होतो. त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटलं नाही. सोयीची गोष्ट माणूस तपासून बघत नाही.

त्यानंतरच्या दोन हजार नऊच्या निवडणुकीत रतनबाईंनी आयुष्यातलं पहिलं मत दिलं. रतनबाई आमच्या शेजारच्या, तिसगावकडच्या. वय साठीच्या आसपास. सारा जन्म ऊसतोडीच्या फडांवर गेल्यानं त्यांचं नाव कुठल्याच यादीत टिकलं नव्हतं. बाईंनी तीन वेळा घरी जाऊन त्यांचा अर्ज भरला. मतदानाच्या दिवशी रतनबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या आणि नंतर आठवडाभर शाईचं बोट ज्याला त्याला दाखवत होत्या.

दोन हजार चौदाला माझे वडील बिभीषण रांगेत उभे असताना बाईंना म्हणाले, "बाई, रागावणार नसाल तर सांगतो. आपली ओळ हाय तितं आमचं रान हुतं. ते शेंडेवाडीच्या शिवेत. ओढा ह्या रस्त्याखालून जायचा. तुमी गटाराला ओढा केलाय."

बाई हसल्या, पण त्यांच्या हातातलं पेन थांबलं. पुढच्याच आठवड्यात त्यांनी तलाठ्याकडं जाऊन गावनकाशा पाहिला. वडिलांचं खरं होतं.

आणि बाई गप्प बसल्या. हे त्यांनी मला नंतर स्वतःच सांगितलं. शेंडेवाडीचं केंद्र चार किलोमीटरवर. म्हाताऱ्या माणसांना तिथवर कोण नेणार? तक्रार कुणाचीच नव्हती. आज बघू, उद्या बघू करत दहा वर्षं गेली.

दोन हजार चोवीसच्या डिसेंबरात बाई निवृत्त होणार होत्या. यादीचं काम रोहिणी नावाच्या नव्या शिक्षिकेकडं जायचं ठरलं. लोकसभा झाली. त्यात काही अडचण नव्हती, कारण दोन्ही बाजू एकाच लोकसभा मतदारसंघात येतात. विधानसभा मात्र पुढं उभी होती. जूनमधल्या एका रविवारी चर्चमधली उपासना आटोपून बाई आमच्या ओट्यावर येऊन बसल्या आणि वडिलांना म्हणाल्या, "तात्या, त्या पोरीच्या हातात खोटा नकाशा कसा देऊ? ती खरा समजून पुढं चालवील."

"मग सांगा की जाऊन," वडील म्हणाले. "भ्यायचं काय त्यात?"

बाई तहसीलला गेल्या. तिथल्या अधिकाऱ्यांनी अर्ज वाचून विचारलं, "तक्रार कुणाची आहे?"

"कुणाची नाही."

"मग तुम्ही का आलात?"

"नकाशा मी काढलाय, साहेब. आणि चूक कळूनही दहा वर्षं बोलले नाही, तेही खाली लिहिलंय."

साहेबांनी बाईंकडून लेखी खुलासा घेतला. मोजणीदार आला, त्यानं शीव तपासली. ओढा रस्त्याखालीच निघाला. एक्केचाळीस नावं राहुरीत हलवायची ठरलं आणि अर्ज भरून घ्यायचं काम बाईंवरच आलं.

ओळीत कुणी त्यांच्याशी धड बोलेना. वैजनाथ निवडणुकीत शहरातल्या उमेदवारांसाठी पळायचा. तो दारातच म्हणाला, "बाई, पंधरा वर्षं चाललं, अजून पंधरा चाललं असतं. राहुरीवाले हिकडं कशाला फिरकतील?"

"वैजनाथ, आपल्या ओळीत रस्त्याला दिवे का नाहीत?" बाईंनी विचारलं.

उत्तर सगळ्यांना पाठ होतं. महापालिका म्हणे, तुम्ही हद्दीबाहेर. ग्रामपंचायत म्हणे, तुम्ही आमचे मतदार नाही. वैजनाथनं अर्ज घेतला आणि सही केली.

रतनबाईंचं मात्र अवघड गेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी माजं मत खोटं हुतं का?"

मी तिथंच होतो. बाई म्हणाल्या, "मत खरं होतं, रतनबाई. चुकीच्या ठिकाणी पडलं, ते माझ्यामुळं."

"मी लई जनांला सांगितलं हुतं," एवढंच बोलून रतनबाई आत गेल्या. तीन दिवस त्यांनी बाईंच्या घराकडं पाहिलं नाही. चौथ्या दिवशी स्वतःच आल्या, उंबऱ्यात बसल्या आणि म्हणाल्या, "आना तो कागद. पर मला तितं न्यायचं तुमी."

विधानसभेच्या मतदानादिवशी, वीस नोव्हेंबरला, सकाळी साडेसहाला बाईंनी स्कूटी काढली. मागं रतनबाई, स्वेटरवरून शाल घेतलेल्या. मी माझ्या गाडीवर वडिलांना घेऊन मागोमाग. बाईंना मत देऊन पुन्हा आपल्या शाळेत कामावर हजर व्हायचं होतं, म्हणून त्या सारख्या घड्याळाकडं बघत होत्या.

शेंडेवाडीच्या शाळेत आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. बायकांच्या रांगेत पुढं उभी असलेली एक म्हातारी मात्र वळून रतनबाईंकडं बघत राहिली. मग ती रांग सोडून जवळ आली.

"तू रतन न्हवं? आपन एका टोळीत हुतो की. बेलापूरच्या फडाला."

"रंगू?"

त्या रंगुबाई. लेकीकडं येऊन शेंडेवाडीतच राहिलेल्या. वीस-बावीस वर्षांनी दोघी भेटत होत्या. त्या एकमेकींचे हात धरून बोलत राहिल्या आणि मागच्या चार-पाच बायका पुढं निघून गेल्या. बाईंनी एकदा घाई केली, दुसऱ्यांदा केली नाही.

मत देऊन बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "चला रतनबाई, मला उशीर होतोय."

"तुमी जावा," रतनबाई म्हणाल्या. "मी रंगूकडं जेवून येते."

बाई एकट्याच परतल्या. शाळेत पोचेपर्यंत रोहिणीनं टेबल लावून चिठ्ठ्या वाटायला सुरुवातही केली होती.

त्या खुलाशावर पुढं समज देण्यापलीकडं काही झालं नाही. बाई ठरल्या दिवशी निवृत्त झाल्या. जानेवारीत शेंडेवाडीचे सरपंच पहिल्यांदा आमच्या ओळीत आले, सगळ्यांचं ऐकून घेतलं, आणि उन्हाळ्यापर्यंत दोन दिवे लागले. तिसऱ्याचा खांब उभा आहे, दिवा अजून यायचाय.

रतनबाई आता महिन्यातून एकदा तरी शेंडेवाडीला जातात. येताना मेथीच्या जुड्या आणतात आणि निम्म्या बाईंच्या दारात ठेवतात. बाई दार उघडून म्हणतात, "अहो, आत तरी या." रतनबाई कधी आत जातात, कधी गुडघे दुखतात म्हणून तिथंच पायरीवर बसतात. मग बाईच चहा घेऊन बाहेर येतात.