शब्द माझे, अर्थ बाबांचे

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मला सगळ्यात जास्त भीती शब्दांची वाटायची. प्राध्यापकांचे अवघड शब्द निदान पुस्तकात सापडायचे. हॉस्टेलमधल्या मुलींचे शब्द कुठेच नव्हते. कोणी म्हणायची, "त्यानं मला घोस्ट केलं." कोणी म्हणायची, "किती क्रिंज आहे!" मी सगळ्यांसोबत हसायची आणि नंतर एकटीच मोबाइलवर अर्थ शोधायची.

घरी फोन केला की हे शब्द मी बाबांना सांगायची. बाबा चौथीपर्यंत शिकलेले. सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावातल्या तलावावर ते मासे धरतात. म्हणजे, धरायचे. नवा शब्द ऐकला की ते जरा थांबायचे, "हं" म्हणायचे आणि आपला अर्थ सांगायचे.

"स्टेटस मंजे मासोळी, माय. आज ताजी, उद्या कोणी हात लावत नाई."

"आणि ग्रुप अ‍ॅडमिन?"

"ज्याले घरात कोणी विचारत नाई, पण दुसऱ्याले घराबाहेर काढू शकते, थो."

"घोस्ट करनं मंजे माणूस एकदम गायब होते, बाबा. फोन नाई, मेसेज नाई."

"मंग सरळ सांग ना, निवडून आला मनून!"

मागून आई ओरडायची, "पोरीले अभ्यास करू द्या ना जी. काय फालतू शिकवून राह्यले!"

"काऊन? मी काय फीस घेऊन राह्यलो काय?"

कमेंटचा त्यांचा अर्थ मला सगळ्यात आवडायचा. पाळीवर बसून डोंग्यातल्या माणसाला जाळं कसं फेकायचं ते शिकवणं, म्हणजे कमेंट. पाळ म्हणजे तलावाचा बांध, डोंगा म्हणजे होडी, असं कंसात लिहून तो मी हॉस्टेलच्या ग्रुपवर टाकला आणि त्या दिवसापासून मुली विचारू लागल्या, "आज बाबा काय म्हणाले?" माझी त्या हॉस्टेलमध्ये ओळख झाली ती खरं तर बाबांमुळे.

दुसऱ्या वर्षी, हिवाळ्यात, बाबा तलावावरून परत येताना पाळीवरच बसले. जाळं उचलायला उजवा हात उठेना. सोबत्यांनी त्यांना घरी आणलं, तिथून चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं. लकवा होता. हातापायात हळूहळू थोडं बळ आलं. शब्द आले नाहीत.

त्यांना समजतं सगळं. पाण्याच्या घागरीकडे बोट दाखवून ते म्हणतात, "थे... आपलं... थे..." मग डोळे मिटून घेतात. तलाव आटला की गाळात हात घालून मासे चाचपतात, तसा त्यांचा चेहरा होतो. काहीतरी बोटांना लागतं आणि निसटतं. ते बघवत नसे, म्हणून मी आणि आई घाईने म्हणायचो, "पाणी? पाणी पायजे काय?" बाबा होकाराची मान हलवायचे आणि तोंड भिंतीकडे वळवायचे.

दवाखान्यातल्या स्पीच थेरपीच्या मॅडमनी आम्हाला समजावलं. "शब्द तुम्ही देऊ नका. ती वस्तू कशी असते, कशाला लागते, ते सांगा आणि थांबा. त्यांना शोधू द्या."

परतीच्या बसमध्ये माझ्या लक्षात आलं की आमचा खेळ आता उलटा झाला आहे. आता अर्थ मी सांगायचा आणि शब्द बाबांनी शोधायचा.

सुट्टीभर आम्ही तेच केलं. "सकाळी उठल्यावर लागते. बशीत ओतून फुर्र करून पितेत." बाबांचे ओठ हलत राहिले. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "चाय." आई चुलीपाशीच रडायला लागली. दुसऱ्या दिवशी तोच अर्थ सांगितला तर त्यांना चाय सापडली नाही.

असे दोन-चार शब्द येतात आणि जातात. नावं मात्र येत नाहीत. आईला ते "ए" म्हणतात. मला काहीच म्हणत नाहीत, फक्त बघतात. मॅडम म्हणाल्या होत्या की सुरुवातीचे महिने महत्त्वाचे. ते महिने आता संपत आले आहेत. फार मोठं काही मागावं असं मला वाटत नाही. शेवटचं अक्षर लांबवून ते माझं नाव घ्यायचे, तसं त्यांनी एकदा घ्यावं.

एकदा त्यांचे तलावावरचे सोबती भेटायला आले. "काऊन बे, गप बसला? तुयाशिवाय डोंग्यात मजा नाई येत." बाबांनी तोंड उघडलं. सोबती थांबले, थोडं अजून थांबले, आणि मग स्वतःच म्हणाले, "जाऊ दे, येशीन पुढच्या महिन्यात." त्यांचा मला राग आला नाही. थांबणं किती कठीण असतं ते मला माहीत आहे.

परीक्षेसाठी मी हॉस्टेलवर परत आले. एक दिवस वर्गाच्या ग्रुपवर कोणीतरी रंगीत चित्र पाठवलं. त्यावर सुंदर अक्षरात पाळ, डोंगा, जाळं आणि कमेंट. बाबांचं वाक्य होतं, जसंच्या तसं. कोपऱ्यात भलत्याच पेजचं नाव होतं आणि खाली हसणारे चेहरे. बाबांचे शब्द अनोळखी लोकांच्या फोनमध्ये फिरत होते, आणि घरी बाबांना पाणी मागता येत नव्हतं.

आता मी रोज संध्याकाळी फोन करते. आई स्पीकर लावून फोन त्यांच्याजवळ धरते. मागच्या रविवारी मी एक नवा अर्थ तयार ठेवला होता.

"बाबा, आयका. घरून जाताना चिवड्याचा डब्बा नेते, येताना मळके कपडे आणते. बाहेर इंग्रजी झाडते आणि घरी आली का चुलीपाशी बसून तळलेली मासोळी चोरते. कोण?"

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. बाबांचा श्वास ऐकू येत होता. एकदा "थे..." ऐकू आलं, मग काहीच नाही. रूममेटने खुणेने चार्जर मागितला, मी मानेनेच नाही म्हटलं. मी थांबले.

मग आई म्हणाली, "हासून राह्यले वो."

"नाव आलं काय?"

"नाई. पण हासून राह्यले. डोयात पाणी आहे. मी सांगून देऊ काय त्याईले?"

"नोको सांगू, आई," मी म्हटलं. "शोधू दे."