नोव्हेंबरनंतरचा मार्च

सिरील तुस्कानोचं डोकं गेले आठ महिने फिरलेलं होतं, आणि ते फिरवणाऱ्याला मरून चारशेच्या वर वर्षं झाली होती.

लेक सॅन्ड्राच्या गोऱ्या सासूनं घराण्याचा वंशवृक्ष दाखवला. त्याच्या मुळाशी हा थॉमस एल्विन, इंग्लंडातल्या एका खेड्यातला पाद्री. यानं लग्न केलं होतं. मग कट्टर कॅथलिक मेरी राणीचा हुकूम सुटला: बायको सोडा, नाहीतर चर्च सोडा.

थॉमसनं काय सोडलं, एवढंच सिरीलला हवं होतं. तो स्वतः फादर व्हायला अकरा महिने उरले असताना सेमिनरीतून बाहेर पडला होता, युनिससाठी. आई मरेपर्यंत युनिसच्या हातचं पाणी प्यायली नाही. अख्खी वसई म्हणायची, पस्तावेल. आणखी कुणीतरी हे केलं आणि ठाम राहिलं, हे त्याला एकदा कागदावर बघायचं होतं.

तीस वर्षं तहसील कचेरीत रेकॉर्ड सांभाळलेला माणूस. जुने कागद म्हणजे डाव्या हातचा मळ. लेकीमागे टोरंटोला राहायला आल्यावर थॉमसच्या चर्चच्या रजिस्टरची मायक्रोफिल्म मागवून त्यानं प्रिंट काढले, तर पानं उलटसुलट. आधी नोव्हेंबर १५५३, बाप्तिस्म्याच्या नोंदीखाली थॉमसची सही. पुढे मार्च १५५३: बायको सोडत नाही म्हणून काढून टाकला. राणी त्याच साली जुलैत गादीवर आली, मग मार्चमध्ये हुकूम कुठला? इंग्रज कारकून झोपेत लिहितात, असं ठरवून सिरीलनं पानं तारखेनं नीट लावली. आता अर्थ सरळ होता. मार्चमध्ये गेला, नोव्हेंबरात परत हजर. म्हणजे बायको सोडून आला.

"पळपुटा," सिरील रोज नाश्त्याला म्हणायचा. युनिसचे कान किटले होते.

मार्चअखेरीला शेजारची शुभदा श्रीखंडाचा डबा घेऊन आली. टोरंटोजवळच्या त्यांच्या रिचमंड हिलला ड्राइव्हवेच्या कडेनं काळपट बर्फ अजून तसाच होता.

"काका, पाडवा आहे आज. आमचं न्यू इयर."

"मार्चमध्ये कसलं नवं वर्ष?" सिरील खेकसला, आणि तिथेच थांबला. पंचवीस मार्च, देवदूतानं मरियेला निरोप दिला तो दिवस. पूर्वी इंग्लंडात साल त्या दिवशी बदलायचं, चोवीस मार्चपर्यंत जुनंच साल लिहायचे, हे सेमिनरीतल्या म्हाताऱ्या फादरनी सांगितलं होतं. म्हणजे त्या साली मार्च नोव्हेंबरच्या नंतरच येत होता. कारकून जागा होता. झोपला होता तो सिरील.

शुभदाला दारातच सोडून त्यानं डायनिंग टेबलवर पानं पुन्हा लावली, होती तशी. थॉमसचं नाव असलेलं शेवटचं पान मार्चचं. त्यानंतर त्या चर्चमध्ये थॉमसची सही नव्हती.

"युनिस, तो परत गेलाच नाही. बायकोबरोबर राहिला."

युनिसनं शुभदाच्या हातातला डबा घेतला, तिला वाटेला लावलं आणि मग विचारलं, "पस्तावला का?"

"ते रजिस्टरात लिहीत नाहीत."

"तुमचंही कुठे लिहिलेलं नाही. चाळीस वर्षं शोधतेय मी."

सिरीलला एकदम स्वतःचीच चीड आली. हिला हे कधी सांगावं लागेल असं त्याला वाटलंच नव्हतं.

"नाही पस्तावलो," तो म्हणाला. "एक दिवसही नाही."

"मग हे सांगायला इंग्लंडचा पाद्री कशाला लागला?" युनिसनं डोळे पुसले. "उचला ते कागद. ताटं ठेवायचीत."